जुनी जीप उभी करताय? आधी बघा, लोखंड गंजलंय की झिजलंय

पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यात फिरताना एखाद्या मांगराशेजारी ताडपत्रीखाली झाकलेली जुनी जीप हमखास दिसते. १९४७ साली मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे, एमएम ५४०, मेजर अशी मॉडेलं येत गेली आणि कच्च्या रस्त्यांच्या आपल्या भागात ही गाडी घरचीच झाली. डिचोलीत ती खाणींवर राबली. २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा खाणींवर चालणाऱ्या अनेक गाड्यांची चाकं थांबली. उभ्या गाडीत पाणी साचतं, ग्रीस सुकतं, ब्रेक जाम होतात.

अशी गाडी घरच्या घरी दुरुस्त करता येते का? बरीचशी येते. पण काय घरी करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी एकच प्रश्न विचारा: हा पार्ट गंजलाय की झिजलाय?

दोन दुखणी, दोन उपाय

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांची रासायनिक क्रिया. मीठ असलं की ती जोरात होते. म्हणून हरमल, मोरजी, केरी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत पत्रा आणि चॅसी आधी जाते. त्यात गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस.

झीज म्हणजे घासून लोखंड कमी होणं. डिचोलीकडच्या गाड्यांत हे जास्त सापडतं. तिथल्या लाल मातीत हेमेटाईट हे लोहखनिज असतं आणि ते साध्या लोखंडाहून कठीण असतं. ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीसचाच पॉलिश पेपर होतो. पिन, बुश, बेअरिंग खाऊन टाकतो.

गंज वरचा असेल तर काढता येतो, आतला धातू शाबूत राहतो. झीज मात्र रंगाने भरून येत नाही. झिजलेल्या पिनवर चकचकीत रंग मारला तर फक्त दोष झाकला जातो.

गंज घरी कसा काढायचा

आधी चिखल धुवा. चॅसीच्या आत बसलेली माती वर्षभर ओल धरून ठेवते, म्हणून खालची भोकं मोकळी करा. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक. बद्द आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, तर तिथे रंगाचं काम नाही, पत्राच बदलावा लागेल.

छोट्या पार्टसाठी व्हिनेगर चालतं. चवथीआधी समया चिंचेने घासतात, त्यातलंच हे तत्त्व: आम्ल धातूवरचा थर विरघळवतं. पार्ट रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, मग सोड्याच्या पाण्याने धुवा. आम्ल मागे राहिलं तर गंज परत येतो.

कंस, बिजागऱ्या असे जरा मोठे पार्ट असतील तर विजेची पद्धत बरी. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी आणि दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. साध्या बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या पार्टला आणि पॉझिटिव्ह वायर लोखंडाच्या टाकाऊ सळीला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. काही तासांत गंज सुटायला लागतो. इथे चार गोष्टी पाळा:

– सळी स्टेनलेस स्टीलची नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.
– सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन वायू तयार होतो.
– काम उघड्यावर करा. जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, जवळ विडी-काडी नको. चार्जर बंद केल्याशिवाय वायर काढू नका.
– पाटे, स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात किंवा या टबात टाकू नका. हायड्रोजन पोलादात शिरला की ते ठिसूळ होतं आणि अचानक तुटतं.

साफ झालेलं लोखंड दमट हवेत तासाभरात परत लालसर होतं. म्हणून लगेच कोरडं करा, उन्हात तापवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर मारा. हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करावं. पावसात मारलेला रंग फुगून सुटतो.

झीज कशी ओळखायची

पुढचं चाक जॅकने उचला आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. टायर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बहुतेक व्हील बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन. टायर डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉडचे सांधे तपासा.

पिन काढली की व्हर्नियरने दोन ठिकाणी मापा, जिथे घासली आहे तिथे आणि जिथे अजिबात घासलेली नाही तिथे. फरक आला तेवढी झीज. पिन आणि बुश जोडीने बदला. झिजलेल्या पिनवर नवा बुश टिकत नाही. नंतर ग्रीस गनने जुनं काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरत राहा.

पार्ट बाजारात मिळत नसेल तर वेल्डिंगने भर टाकून लेथवर मापात आणता येतो. डिचोली, तुये किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं काम होतं. पण हा उपाय बॉनेटची बिजागरी, क्लच पेडलचा शाफ्ट, सीटची फ्रेम यांच्यापुरताच ठेवा. स्टीअरिंगचे आर्म, नकल, ब्रेकचे पार्ट आणि पाटे यांना वेल्डिंगचा हात लावू देऊ नका. उष्णतेने पाट्याचा ताव जातो.

जिवाशी खेळ नको

रिकामी पेट्रोल टाकीसुद्धा वाफेने फुटते, ती घरी वेल्ड करू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकर किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, पॉलिश पेपर ओला करूनच घासा आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नका.

कागदपत्रांकडेही बघा

फ्रेमवर कोरलेल्या चॅसी नंबरवर ग्राइंडर लागला तर पुढे आरटीओत त्रास ठरलेला. तिथे हाताने, हळू साफ करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मनाने करता येत नाहीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं.

सीमेवरच्या वाचकांसाठी आणखी एक: गोव्याच्या नंबरची जीप महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला हवा. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

खर्चाचा क्रम लावताना रंगाचा डबा शेवटी आणा. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग चॅसी, मग पत्रा. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना गाडी थांबते ती ब्रेकवर, चकाकीवर नाही.