आपली बाटली, आपले माप

मेलबर्न शहरातील अनेक लहान उपाहारगृहांच्या दारावर ‘बी.वाय.ओ.’ अशी तीन अक्षरे लिहिलेली आढळतात. तुमची बाटली तुम्हीच आणा, असा त्यांचा अर्थ. भोजन उपाहारगृहाचे, वाइन पाहुण्याची. बूच काढून देणे, पेले पुरवणे आणि ते धुणे यासाठी दर बाटलीमागे किंवा दर माणशी थोडा आकार घेतला जातो. त्याला कॉर्केज म्हणतात. कार्लटन भागातील लायगन स्ट्रीटवरची इटालियन उपाहारगृहे असोत वा रिचमंडच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची व्हिएतनामी, ही प्रथा तेथील नागरी जीवनात मुरलेली आहे.

तिच्यामागे एक इतिहास आहे. १९१६ पासून १९६६ पर्यंत व्हिक्टोरिया राज्यातील मद्यालये सायंकाळी सहाला बंद होत. कामावरून सुटलेली माणसे उरलेल्या तासाभरात घाईघाईने पेल्यामागून पेले रिचवीत. पिण्याची वेळ आवळली की पिणे कमी होतेच असे नाही, हे त्या पन्नास वर्षांनी दाखवून दिले. आज त्याच शहरात सहा-आठ मित्र प्रत्येकी एक बाटली घेऊन एका मेजाभोवती जमतात आणि जेवणासोबत तीन तास घोटाघोटाने चवींची तुलना करतात.

कौटुंबिक आरोग्यपत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण साधे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना तेथे स्थायिक आहेत आणि आई-वडील काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात. प्रवासापूर्वी औषधांची यादी लिहून घ्यायला आलेले गृहस्थ उठता उठता हळूच विचारतात, “डॉक्टर, तिकडे मुलांच्या मित्रमंडळींत बसावं लागतं. घोटभर घेतली तर चालेल ना?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत नाही.

मेजावर काय घडते

भाच्याच्या आग्रहावरून अशा एका मेजवानीस मी उपस्थित राहिलो होतो. त्या रात्रीचा विषय ठरलेला होता : यारा खोरे आणि मॉर्निंग्टन द्वीपकल्प येथील पिनो न्वार. बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळून त्यांवर क्रमांक घातले होते, म्हणजे नावाचा वा किमतीचा प्रभाव जिभेवर पडू नये. हलक्या वाइनकडून भारदस्त वाइनकडे जायचे, हा क्रम. प्रत्येक पेल्यात जेमतेम तीन-चार चमचे. आधी रंग पाहायचा, पेला फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा.

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः वास असतो. तोंडातील गंधकण घशामागच्या वाटेने नाकात पोहोचतात. तांबड्या वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवते, म्हणून तोंड तुरट आणि कोरडे पडते. कच्च्या जांभळाने जे होते तेच. सोबत चीज किंवा मांस असले की तो तुरटपणा निवळतो. मेजाच्या मध्यभागी पाण्याचा जग आणि पाव होता, आणि शेजारी एक रिकामे उंच भांडे. चव कळली की उरलेला घोट त्यात थुंकायचा. आपल्याला पीकदाणी म्हटले की पान आठवते. तेथे मात्र जाणकाराची ती खूण समजली जाते. चव घेण्यासाठी गिळणे आवश्यक नाही, हे या भांड्याने मला शब्दांविना सांगितले.

हिशेब मांडून पाहू

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १३ टक्के मद्यार्क असेल, तर तिच्यात सुमारे ७७ ग्रॅम मद्यार्क असतो. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम मद्यार्काला एक प्रमाण-पेय मानतात; म्हणजे अशी १०० मिलिलिटर वाइन हे साधारण एक प्रमाण-पेय. निरोगी प्रौढांनी आठवड्यात दहाहून अधिक आणि कोणत्याही एका दिवशी चाराहून अधिक प्रमाण-पेये घेऊ नयेत, असे तेथील २०२० ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आता सहा माणसे आणि सहा बाटल्या घ्या. प्रत्येक बाटलीतून प्रत्येकाने ५० मिलिलिटर घेतले, तर एकूण ३०० मिलिलिटर, म्हणजे तीन प्रमाण-पेये. तेच अंदाजाने १०० मिलिलिटर ओतले, तर सहा. आणि सर्व बाटल्या रिकाम्या केल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला पुरी एक बाटली; जवळजवळ आठ प्रमाण-पेये आणि केवळ मद्यार्कातून ५४० च्या आसपास कॅलरी. मेज तेच, माणसे तीच, बाटल्याही त्याच. फरक फक्त ओतणाऱ्या हाताचा.

बी.वाय.ओ.ची मेख नेमकी येथे आहे. एरवी उपाहारगृहात पेला मापून येतो आणि वाढणारे बिल आपोआप लगाम घालते. स्वतःची बाटली आणली की दोन्ही अंकुश सुटतात. शिवाय ‘पानात टाकू नये’ हा आपला संस्कार बाटलीलाही लागू केला जातो. अन्नाच्या बाबतीत तो थोर आहे. मद्याच्या बाबतीत त्याला रजा द्यावी. उरलेली बाटली बूच लावून घरी नेता येते आणि शीतकपाटात दोन-तीन दिवस बरी राहते.

पेला उपडा कोणी ठेवावा

गर्भवती स्त्रिया, यकृताचा विकार असलेले, पूर्वी मद्याच्या आहारी जाऊन सुटलेले आणि गाडी चालवणारे यांनी पेला उपडा ठेवावा. झोपेच्या गोळ्या किंवा सुस्ती आणणारी ॲलर्जीची औषधे घेणाऱ्यांनीही तसेच करावे. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि ते थांबल्यावर निदान तीन दिवस मद्य टाळावे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींना मी विशेष बजावतो. रक्तातील साखर उतरू लागली की यकृत नवी साखर तयार करून तोल सांभाळते. मद्यार्काचा निचरा करण्यात गुंतलेले यकृत हे काम नीट करू शकत नाही. त्यामुळे साखर त्याच रात्री, कधी दुसऱ्या दिवशी पहाटेही धोकादायक पातळीला उतरते. घाम, अडखळती जीभ, डळमळती चाल ही तिची लक्षणे. आणि पाहणाऱ्यांना वाटते, ‘जरा जास्त झाली, झोपू द्या.’ ही झोप जिवावर बेतू शकते. अशा वेळी साखर तपासावी. यंत्र नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर आधी साखरपाणी पाजावे. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही न घालता तातडीची मदत बोलवावी.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, म्हणून पूर्वीइतकाच पेला रक्तात अधिक चढतो. स्त्रियांच्या बाबतीतही बहुधा तसेच होते. परक्या घरातील अंधारा जिना, रक्तदाबाची गोळी आणि दोन पेले एकत्र आले की खुब्याचे हाड मोडायला निमित्त पुरते.

हृदयासाठी म्हणून?

फ्रेंच लोक स्निग्ध आहार घेऊनही हृदयविकारापासून तुलनेने दूर राहतात आणि त्याचे श्रेय वाइनला असावे, हा विचार १९९० च्या दशकाच्या आरंभी जगभर पसरला. तो आजही दिवाणखान्यांत ऐकू येतो. पुढे त्या अभ्यासांतील उणिवा दिसू लागल्या. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही गणले जात होते, त्यामुळे पिणारे अधिक निरोगी भासत. ज्या रेझव्हेराट्रॉलचे एवढे कौतुक होते, ते लिटरभर तांबड्या वाइनमध्ये काही मिलिग्रॅमच असते. उलट मद्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आरोग्यासाठी निर्धोक अशी मद्याची मात्रा सांगता येत नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा वाइन घ्यायची असेल तर ती आवडते म्हणून घ्यावी; औषध म्हणून नव्हे. जो घेत नाही त्याने सुरू करण्याचे कारण नाही.

जाण्यापूर्वी ठरवावे

उपाशीपोटी बसू नये. अन्नामुळे मद्यार्क रक्तात सावकाश मिसळतो. प्रत्येक घोटाबरोबर पाणी घ्यावे. परतीचे वाहन आधीच ठरवावे. यकृत तासाला साधारण एका प्रमाण-पेयाचा निचरा करते. कॉफी वा थंड पाण्याची अंघोळ तो वेग वाढवीत नाही. पूर्ण परवानाधारक चालकासाठी व्हिक्टोरियात रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. भारतात ती ३० आहे. नाशिकच्या द्राक्षबागांमुळे आपल्याकडेही घरगुती आस्वादमेळे होऊ लागले आहेत, त्यांनाही हीच पथ्ये लागू. उपाहारगृहात बाटली नेण्याचे नियम मात्र आपल्याकडे वेगळे आहेत. आधी विचारल्याखेरीज नेऊ नये.

यजमानांनाही एक विनंती. घोट घेतील तेवढ्यांसाठी ५० मिलिलिटरचे माप मेजावर ठेवा, आणि न घेणाऱ्यासाठी कोकम सरबताचा एक देखणा पेला. त्याला ‘का नाही?’ असे विचारू नका. कारण कदाचित त्याच्या खिशातील गोळ्यांच्या पाकिटावर असेल आणि ते चारचौघांत सांगण्याची त्याची इच्छा नसेल.

राहता राहिले त्या गृहस्थांचे ‘घोटभर’. औषधांची यादी समोर ठेवूनच मी उत्तर देतो. यादी आड येत नसेल, तर पेला नाकाशी न्या, घोट तोंडात घोळवा आणि भांडे जवळ ठेवा. यादी आड येत असेल, तर वासावर भागवा. चवीचा मोठा भाग तेथेच असतो.