शितू आणि विसू : दोन टोकांची प्रीती

श्रोतेहो, प्रेमाच्या कादंबऱ्यांत एक युक्ती नेहमी आढळते. एक जण तापट, दुसरे शांत; एक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला; आणि शेवटी दोघांचे जमते. पण नुसता स्वभाव उलटा म्हणून माणसे जवळ येतात काय? याचे उत्तर हवे असेल, तर गो. नी. दांडेकरांची 'शितू' वाचा. ही कादंबरी १९५३ साली निघाली. दांडेकरांनी कोकणावर पुष्कळ लिहिले, पण त्यांचा जन्म आपल्या वऱ्हाडातला, परतवाड्याचा, १९१६ चा.

गोष्ट कोकणातल्या खाडीकाठच्या गावची आहे. उमरखेडकडच्या मंडळींना पैनगंगेचा पूर ठाऊक. तो आला की ओसरून जातो. खाडीत मात्र समुद्राचे पाणी रोज भरतीला आत शिरते, ओहोटीला मागे फिरते. आणि खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. ही खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

शितू ही कोवळ्या वयात दोनदा विधवा झालेली पोर. गाव तिला अपशकुनी म्हणते. आप्पा खोत तिला आपल्या घरी आणतात, लेकीसारखी वाढवतात. त्यांचा मुलगा विसू मोठा द्वाड, रागीट. ती खाली मान घालणारी, तो कुणापुढे मान न झुकवणारा. तरी दोघांची मने जुळतात. का बरे? कारण गावाने दोघांवर शिक्का मारला आहे. हिच्यावर अवलक्षणीचा, त्याच्यावर द्वाडपणाचा. स्वभाव वेगळे, पण दुखणे एक. तिला न भिणारा तो, आणि त्याच्यातले चांगले ओळखणारी ती. म्हणून ही प्रीती खरी वाटते.

एक उणीवही सांगितली पाहिजे. शितू फार सोसते. तिला राग कसा येत नाही, असे वाचताना वारंवार वाटते. लेखकाने तिच्यावर इतकी माया केली आहे, की तिला भांडायला जागाच ठेवली नाही. शेवट काय होतो, ते इथे सांगून तुमचा रस घालवत नाही. सुखाचा नाही, एवढेच.

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ पासून होती. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा. म्हणजे या प्रीतीच्या आड कायदा येत नाही. आड येते ती गावाची जीभ, आणि तीच बोली खरी मानणारे शितूचे स्वतःचे मन. ही जीभ कायद्याने सुधारत नाही, गावालाच ती सुधारावी लागते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो याच समजुतीने.

गुरुजनहो, शाळेच्या कपाटात 'शितू' असेल तर वरच्या वर्गातल्या मुलामुलींना वाचायला द्या. मग एवढेच विचारा : शितूला अपशकुनी कोणी ठरवले? उत्तर देताना मुले पुस्तकातल्या गावाबरोबर आपल्या गावाकडेही पाहतील. आणि मायबहिणींनो, 'पांढऱ्या पायाची' हा शब्द घरात कोणी उच्चारला, तर तिथेच टोका. विसू एकटा पडला होता. तुम्ही एकट्या पडू नका.