उपशमानंतरची धनैषणा

स्तनार्बुदाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण झालेल्या एक शिक्षिका 2023 च्या वर्षा ऋतूत आमच्याकडे आल्या. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम येणे व निद्रानाश या त्यांच्या तक्रारी होत्या. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज सुरू असल्याने कारण उघड होते. सर्व अहवाल स्वच्छ होते. ते चाळून आम्ही सहज म्हणालो, “बाई, आता तो आजार विसरून जा.”

त्या शांतपणे उत्तरल्या, “विसरते, डॉक्टर. पण मुलगी दहावीत आहे. तिच्या पुढच्या शिक्षणाचा विषय काढला की घरात सगळे गप्प होतात. मी दोन वर्षांचा हिशेब मांडू की दहा वर्षांचा, एवढं तरी सांगा.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. निद्रेसाठी योग लिहून दिला आणि त्या रात्री संहिता पुन्हा उघडल्या.

अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास ते पुन्हा वाढते, हे सुश्रुताचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. संप्रेरकग्राही स्तनार्बुद तर पाच वर्षे लोटल्यावरही उलटू शकते. तेव्हा बाईंची भीती हा मनाचा खेळ नव्हता. उपशमातील प्रत्येक रुग्ण याप्य असतो, असे आम्ही म्हणणार नाही. अनेकांना पुनरुद्भव कधीच होत नाही. परंतु तो कोणास होणार नाही, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. याप्य रुग्णाविषयी सुश्रुतांनी पडू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टांत योजला आहे. टेकू दिलेल्या घरात माणसे राहतात, चूल पेटते, लग्नकार्येही होतात, याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता.

चरकाचार्यांनी तर प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा सांगितली आहे. परीक्षेसाठी आपण सर्वांनीच हा अध्याय घोकला. उपचार संपलेल्या रुग्णाला मात्र आपण केवळ प्राणैषणेपुरते पाहतो. त्याच्या पैशाअडक्याचा, घरादाराचा विचार आपल्या कक्षेबाहेरचा मानतो.

पुढील भेटीत आम्ही बाईंना व त्यांच्या यजमानांना एकत्र बसविले. कालमर्यादा सांगता येणार नाही, हे प्रथमच स्पष्ट केले. मग दोन हिशेब मांडण्यास सुचविले: एक दीर्घायुष्य गृहीत धरून, दुसरा आजार उलटल्यास घर कसे चालेल याचा. बँक खात्यांवरील वारसनोंद तपासणे, दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करणे ही कामे त्यात आली. मृत्युपत्राचा शब्द उच्चारताना आमचीच जीभ अडखळली. बाई मात्र “बरं झालं कोणीतरी बोललं” म्हणाल्या. आरोग्यविमा घेताना पूर्वीचा आजार लपवू नये, हेही आवर्जून सांगितले. 2024 च्या नियमांनुसार पूर्वव्याधीचा प्रतीक्षाकाळ 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. लपविलेल्या आजारामुळे मात्र दावाच नाकारला जाऊ शकतो.

एक बाब औषधालयचालक मित्रांसाठी. बरे वाटू लागले की रुग्ण विचारतो, “तुमचं चूर्ण चालू आहे, मग ती गोळी बंद करू का?” याचे उत्तर दुकानात देऊ नये. ही गोळी पाच, प्रसंगी दहा वर्षे घ्यावी लागते. तसेच अशा स्त्रियांना शतावरीसारखी द्रव्ये त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नयेत. गल्ल्यावर गर्दी असताना एवढी चौकशी करणे जिकिरीचे आहे, हे आम्ही जाणतो; तरी ती करावी.

अपत्याची इच्छा असलेल्या तरुण रुग्णांचा प्रश्न याहून नाजूक असतो. 18 ते 30 महिने संप्रेरकोपचार घेऊन गर्भधारणेसाठी तो तात्पुरता थांबविलेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पकाळात तरी त्यांच्यात पुनरुद्भवाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हा निर्णय अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा. परंतु “आता मुलाचा विचार सोडा” असे परस्पर सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बाईंची मुलगी बारावी झाली. प्रवेशाची मुदत आणि बाईंची वार्षिक तपासणी एकाच आठवड्यात आली. अहवालाची वाट न पाहता त्यांनी पहिल्या वर्षाचे शुल्क भरले आणि पावती दाखविण्यास त्या चिकित्सालयात आल्या. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळावयाचा होता.