आधी कशात विरघळवलं होतं?

मागच्या लेखावर एका वाचकाने विचारलेला प्रश्न ओलांडून मला पुढे जाववत नाही. पॉलिमर आधी एखाद्या द्रावकात विरघळवायचं, मग त्यात पाणी घालायचं. हा मूळ द्रावक डायलिसिसने काढूनच टाकायचा, शेवटी उरणार निव्वळ पाणी, तर सुरुवात डीएमएफ या द्रावकाने केली की टीएचएफने, याने काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झांग आणि आयझेनबर्ग यांनी १९९५ साली दाखवलेले गोळे, कांड्या आणि पोकळ पिशव्या घ्या. त्यांच्या पॉलिमरच्या प्रत्येक साखळीत एक तुकडा पॉलिस्टायरीनचा, दुसरा पॉलिॲक्रिलिक ॲसिडचा. पॉलिस्टायरीनला पाणी नको असतं, म्हणून थेंब थेंब पाणी पडू लागलं की ते तुकडे एकमेकांना बिलगून गाभा करतात आणि पॉलिॲक्रिलिक ॲसिड बाहेर राहतं. पाणी वाढेल तसा गाभ्याचा पृष्ठभाग महाग पडतो, गोळे मोठे होतात, आतल्या साखळ्या ताणल्या जातात. ताण सोसवेना की गोळ्याची कांडी होते, कांडीची पिशवी.

पण गाभ्यात नुसतं पॉलिस्टायरीन नसतं, मूळ द्रावकही मुरलेला असतो. किती, ते विद्राव्यता-गुणांकांवरून ताडता येतं (दोघांचे आकडे जितके जवळ, तितकं मिसळणं सोपं): पॉलिस्टायरीनचा सुमारे १८.६, टीएचएफचा जवळपास तितकाच, डायॉक्सेनचा २०.५, डीएमएफचा मात्र २४.८. टीएचएफ गाभ्यात भरपूर शिरतो, गाभा फुगतो, साखळ्या आधीच ताणलेल्या, त्यामुळे पिशव्यांकडे कल. डीएमएफ गाभ्यात फारसा टिकत नाही. शिवाय त्यात ॲसिडचं आयनीभवन अधिक होतं, बाहेरच्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, आणि त्यांना ऐसपैस जागा गोळ्याभोवतीच मिळते. हे लोटणंच निर्णायक असतं याचा पुरावा मला फार आवडतो: डीएमएफ-पाण्यातल्या गोळ्यांना किंचित मीठ दिलं, विद्युतभार झाकला गेला, की त्याच पॉलिमरच्या पिशव्या होतात.

आता प्रश्नाचा गाभा. कोरडं पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं. द्रावक आत आहे तोवर साखळ्या हलतात, आकार बदलू शकतो. द्रावक निघाला की गाभा काचेसारखा घट्ट होतो आणि त्या घडीला जो आकार होता तोच पाण्यात राहतो. म्हणून 'हे पॉलिमर पाण्यात पिशव्या करतं' एवढंच लिहिणारा शोधनिबंध मला अपुरा वाटतो. द्रावक कोणता, पाणी किती वेगाने घातलं, हे त्यात हवंच.

मग गाभा मऊच ठेवला तर? पॉलिब्युटाडाइन शून्याच्या कितीतरी खालीही लवचीक असतं. तरीही मिनेसोटात जैन आणि बेट्स यांनी पाहिलं की पाण्यात अशा मऊ गाभ्याच्या दोन मायसेलांमध्ये, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये, साखळ्यांची देवाणघेवाण जवळजवळ होतच नाही. साखळी गाभ्यात मोकळी फिरते, पण बाहेर पडायचं तर तिला पाण्यातूनच जावं लागतं, आणि ते तिला परवडत नाही.