रंग, वेग आणि फसवे डोळे



पावसाळ्यात पाटणादेवीच्या जंगलात धबधब्याकडे अर्धा मिनिट एकटक बघा. मग लगेच बाजूच्या खडकाकडे नजर वळवा. खडक चक्क वर सरकतोय असे वाटेल! १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या एका धबधब्याजवळ हेच पाहून लिहून ठेवले. याला 'धबधब्याचा भास' म्हणतात.

असे का होते? खाली जाणारी हालचाल ओळखणाऱ्या पेशी आपल्या मेंदूत वेगळ्या, वर जाणारी ओळखणाऱ्या वेगळ्या. सारखे पडणारे पाणी बघून पहिल्या पेशी मंदावतात. मग दुसऱ्यांचे पारडे जड होते.

शाळेत धबधबा कुठून आणणार? म्हणून आम्ही पुठ्ठ्याच्या पांढऱ्या चकतीवर काळ्या शाईने जिलेबीसारखा गोल गोल पट्टा काढला. मधोमध टाचणी खोचून चकती अर्धा मिनिट हळूहळू फिरवली आणि नंतर भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले. अख्खा महाराष्ट्र भाकरीसारखा फुगायला लागला! चकती उलटी फिरवली तर तोच आक्रसला.

आता रंगाची गंमत. दुसऱ्या चकतीवर पट्टा लाल आणि मधली जागा हिरवी केली. डोळे किलकिले करून दोन्ही रंग सारखेच गडद दिसतात ना, ते आधी तपासले. ही चकती तेवढीच फिरवली, तरी संथ वाटली. नकाशाही जेमतेम फुगला.

तामिळनाडूत जन्मलेले शास्त्रज्ञ रामचंद्रन आणि इंग्लंडचे ग्रेगरी यांनी १९७८ साली लाल-हिरव्या ठिपक्यांवर असाच प्रयोग केला होता. दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा केला की हालचाल नीट ओळखू येत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे हालचाल ओळखताना डोळा मुख्यतः उजेड-काळोखाचा फरक धरतो. नुसता रंग त्याला पुरत नाही.

हे आपल्या कामाचे आहे बरं का! दिवेलागणीला लाल रंग सगळ्यांत आधी काळा पडतो. केळीच्या बागेच्या कडेने लाल कपड्यात चालणारा माणूस गाडीवाल्याला लवकर दिसत नाही. आपल्या धुळ्यावरून तर मुंबई-आग्रा रस्ता जातो, गाड्या सुसाट असतात.

म्हणून पालकहो, शेतातून उशिरा परतताना खांद्यावर पांढरे उपरणे नाहीतर डोक्याला पांढरा रुमाल असू द्या.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी