आधी इंजिन थंड होऊ द्या!

मुलांनो, तोंडानं मोटारसायकलचा आवाज काढता येतो का तुम्हांला? येत असणारच. आमच्या चौथीच्या वर्गात दोन पठ्ठे आहेत. एकजण बुलेटचा आवाज काढतो, छातीतून, धडधड-धडधड. दुसरा काढतो तो नाकातून, बारीक आणि भर्रकन् चढत जाणारा, "रिंग-डिंग-डिंग-डिंग!" हा आवाज टू-स्ट्रोक गाडीचा, यामाहा आरएक्स 100 चा. आता गंमत पाहा. ही गाडी 1985 मध्ये आपल्याकडे आली आणि 1996 मध्ये बनायची बंद झाली. म्हणजे या पठ्ठ्याचे वडीलसुद्धा तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असतील. गाडी गेली, पण तिचा आवाज अजून गावोगाव फिरतोय.

तोच आवाज माझ्या भाच्याच्या कानात शिरला. भाचा भोरला बारावीत. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. एका संध्याकाळी भिजतच माझ्या घरी आला आणि मोबाइल पुढे केला.

"मावशी, हे बघ. शिरवळला आहे. अट्ठेचाळीस हजार म्हणतोय. तू आबांना पटव ना! आबांनी हो म्हटलं की आई पैसे देईल."

फोटो पाहिला. आरएक्स 100 च होती, पण ओळखू येईना. मडगार्ड उंच चढवलेलं, हँडल रुंद, टायरला बोटभर जाडीच्या रबरी गाठी, पुढचा दिवा गायब. "ऑफ-रोड केलीय!" भाचा म्हणाला. ऑफ-रोड म्हणजे डांबरी रस्ता सोडून माती, चिखल, दगडधोंडे यांतून चालवायची गाडी. परदेशात अशा गाड्या कारखान्यातूनच तयार होऊन येतात. यामाहानं 1968 मध्ये डीटी-1 नावाची 250 सीसीची टू-स्ट्रोक गाडी काढली आणि चिखलात गाडी घालायचं वेड साध्यासुध्या माणसांपर्यंत पोचलं. आपल्याकडे हौशी मुलं जुनी आरएक्स नाहीतर शोगन घेतात आणि गॅरेजात तिचं रूप पालटतात. याच गाड्या का? तर अंगानं हलक्या. आरएक्सचं वजन शंभर किलोच्या आसपास, इंजिन अवघं 98 सीसीचं, आणि ताकद 11 हॉर्सपॉवर! हलकी आणि जोरकस. चिखलात अशीच गाडी लागते.

पण ताईचे पैसे साधे नव्हते. ब्लाउज शिवून, भिशी लावून तिनं पन्नास हजार साठवले होते, ते याच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी.

माझे वडील, म्हणजे भाच्याचे आबा, यांचं एस.टी. स्टँडजवळ तीस वर्षं गॅरेज होतं. लहानपणी प्लग घासून द्यायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे बाई असूनही मला इंजिनातलं थोडंफार कळतं, उगीच नाही सांगत! मला वाटलं होतं, आबा एका शब्दात "नाही" म्हणतील. पण ते म्हणाले, "रविवारी जाऊ. बघायला पैसे पडत नाहीत. येताना वही आण."

शिरवळला पोचायच्या आधी टू-स्ट्रोक म्हणजे काय ते समजून घेऊ या. म्हणजे आबांनी तिथं काय केलं ते कळेल.

सायकलचा पंप आठवा. दांडा वर-खाली होतो ना? इंजिनात पिस्टन तसाच वर-खाली होतो. त्याच्या एकेका फेरीला, वरची असो की खालची, म्हणतात स्ट्रोक. आजकालच्या बहुतेक गाड्या फोर-स्ट्रोक. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्या, दाबा, पेटवा, धूर बाहेर टाका, अशी चार कामं चार फेऱ्यांत. टू-स्ट्रोकमध्ये हीच कामं दोनच फेऱ्यांत उरकतात. म्हणजे क्रँकच्या दर चक्राला एक ठिणगी. इंजिन मिनिटाला 6000 चक्रं फिरत असेल तर सेकंदाला किती ठिणग्या? करा गणित! शंभर. फोर-स्ट्रोकमध्ये पन्नासच. म्हणून तर एवढंसं इंजिन एवढं चपळ.

हे जमतं कसं? फोर-स्ट्रोकच्या डोक्यात वर-खाली करणारे व्हॉल्व्ह असतात. इथं ते नाहीत. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन जाता-येता त्या झाकतो, उघडतो. फार तर मिश्रण आत येण्याच्या वाटेवर पातळ पत्र्याची एक झडप. बस. भाग कमी, वजन कमी.

पण दोन गोष्टी नडतात. धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही थोडं त्याच्याबरोबर निसटतं, न जळताच. पेट्रोल वाया आणि हवा घाण. शिवाय मिश्रण पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीतून वर येतं, त्यामुळे तिथं फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. मग पेट्रोलबरोबरच थोडं ऑइल सोडायचं. ते जळतं आणि मागून निळसर धूर निघतो. 2000 पासून आपल्याकडे धुराचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली कंपन्यांनी एकेक करून बंद केल्या.

तर रविवारी आम्ही तिघं एस.टी.नं शिरवळला गेलो. मालक तरुण होता, बोलायला गोड. गाडी अंगणात धुऊन-पुसून उभी. आम्ही दिसताच त्यानं किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू! "रिंग-डिंग-डिंग!" भाच्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं हा आता खिशातून पैसेच काढतोय. (खिशात दोन हजार होते. ते मला नंतर कळलं.)

आबांनी काय केलं असेल? काही नाही. इंजिनाजवळ नुसता पंजा नेला आणि म्हणाले, "बंद करा. गाडी तापलेली आहे. आम्ही चहा घेऊन येतो."

चहा प्यायला आम्ही तासभर लावला. भाचा चुळबुळत होता. आबा म्हणाले, "तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं रे. दुखणं कळतं ते थंड असताना."

परत आलो. इंजिन निवलं होतं. आबांनी किकवर पाय ठेवला नाही, हातानंच किक हळूहळू दाबली. चांगल्या इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबली जाते आणि किक हाताला अडते. इथं ती लोण्यासारखी खाली गेली. याचा अर्थ रिंगा किंवा बोअर झिजलेला. "बोअर किती वेळा केली?" आबांनी विचारलं. सिलिंडर झिजला की तो आतून जरा मोठा करतात आणि किंचित जाड पिस्टन बसवतात, तिला बोअर करणं म्हणतात. असं दोन-चार वेळाच करता येतं. मालक म्हणाला, "दोनदा झाली असेल." आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही."

मग चोक ओढून किका मारल्या. एक, दोन, तीन... नवव्या किकला गाडी सुरू झाली. धूर आला. थंड टू-स्ट्रोक धूर सोडणारच, त्यात नवल नाही. पण पाच मिनिटं झाली तरी पांढुरका धूर थांबेना आणि वास येत होता गिअरच्या ऑइलचा. क्रँकच्या टोकाला रबरी सील असतं. ते गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. दुसऱ्या टोकाचं सील गेलं तर ऑइलऐवजी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भलतंच तापून पिस्टन जागच्या जागी जाम होऊ शकतो. पळत्या गाडीवर असं झालं तर मागचं चाकच अडकतं. "लिही."

सायलेन्सरची आतली नळी काढून टाकलेली होती. "आवाज भारी येतो," मालक म्हणाला. यावर आबांनी कपाळाला हात लावला, आणि त्याला कारण आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे केवळ धुराचा पाइप नव्हे, तो इंजिनाचाच भाग असतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा इंजिनिअर वॉल्टर काडन यानं 1950 च्या दशकात हे फार बारकाईनं अभ्यासलं. पाइपला मध्ये फुगीर पोट आणि शेवटी निमुळतं टोक दिलं, तर धुराच्या दाबाची लाट परत फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते! हे ज्ञान इतकं मोलाचं ठरलं, की 1961 मध्ये त्याच कंपनीचा शर्यतवीर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून गेला, त्याच्या बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून पश्चिमेकडे आणलं गेलं, आणि ही विद्या जपानच्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी 50 सीसीचं जगज्जेतेपद डेग्नरनं सुझुकीवर बसून पटकावलं. ज्या पाइपसाठी माणसं देश सोडून पळाली, त्याच्याशी आपली मुलं असे खेळ करतात! आवाज वाढतो तो वाढतो, ताकद मात्र बऱ्याचदा घटते, आणि वर पोलीस पावती फाडतात ती वेगळीच.

ऑइलचा पंपही बंद केलेला. "मी पेट्रोलमध्येच मिसळतो, चाळीसला एक." म्हणजे एक लिटर पेट्रोलला 25 मिलिलिटर ऑइल. पाच लिटरला किती लागेल, ते तुम्ही काढा. मिसळायला हरकत नाही, जुन्या येझदीत तसंच करायचे. पण एकदा विसरलात की संपलं.

एवढं होऊनही भाचा म्हणाला, "आबा, हे सगळं दुरुस्त होतं ना?"

"होतं की," आबा म्हणाले. "लोखंड आहे, दुरुस्त होतं. कागद दाखवा."

खरी गोची इथं झाली. आरसी बुकाची झेरॉक्स निघाली. गाडी 1994 ची, कोल्हापूर पासिंगची, आणि नाव मालकाचं नव्हतंच! त्यानं ती दुसऱ्याकडून घेतलेली, दुसऱ्यानं तिसऱ्याकडून. मूळ मालक कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गाडी नावावर करायची तर फॉर्म 29 आणि 30 वर ज्याच्या नावावर आहे त्याची सही हवी. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 2009, 2014, 2019, 2024 असा हिशेब होतो. झेरॉक्सवर मुदत होती 2019 पर्यंत. नूतनीकरणासाठी गाडी आर.टी.ओ.ला दाखवावी लागते, आणि हिला तर पुढचा दिवाच नाही.

"पण मी रस्त्यावर नेणारच नाही, डोंगरात नेणार," भाचा म्हणाला.

"डोंगरापर्यंत काय डोक्यावर घेऊन जाणार?" मी विचारलं. आमच्या घरापासून डोंगराचा पायथा तीन किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. शिवाय वरचं रान वनखात्याचं, तिथं परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही.

आणखी एक गोष्ट होती. भाच्याला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. पालकांनो, हे जरा नीट वाचा. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. 25 हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. म्हणजे आमच्या ताईवर बालंट!

मालकानं घाई सुरू केली. "आज इसार देऊन जा. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय."

आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि भाच्याला दिली. बोअर-पिस्टन, सील, क्लचच्या प्लेटा, सायलेन्सर, दिवा, ऑइलचा पंप... एकेकापुढे त्यांनी अंदाजानं आकडे सांगितले. बेरीज भाच्यानंच केली. साडेएकवीस हजार आले, आणि कागदांच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. तो बराच वेळ वहीकडे बघत होता. मग खिशातला हात रिकामाच बाहेर आला. "काका, घरी विचारून सांगतो," म्हणाला.

येताना एस.टी.त तो आमच्याशी बोलला नाही. पुढे चार दिवस बोलला नाही. आठवड्यात ती गाडी विकली गेल्याचं कळलं, तेव्हा तर माझ्यावरच चिडला. "तुमच्यामुळे गेली!" मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या गाडीचा आवाज मलाही आवडला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आबांनी माळ्यावरचं एक बंद पडलेलं टू-स्ट्रोक इंजिन खाली काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. दोघांनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून ते उघडलं. आमच्या वर्गातला तो "रिंग-डिंग" पठ्ठाही रोज येऊन बसायचा. "दादा, व्हॉल्व्ह कुठंय?" त्यानं विचारलं, तर भाच्यानं त्याचं बोट धरून सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांवरून फिरवलं.

नोव्हेंबरात भाचा अठरा वर्षांचा झाला. आधी शिकाऊ लायसन निघालं, मग पक्कं. ताईचे पन्नास हजार प्रवेशासाठी तसेच आहेत, गाडीसाठी तो स्वतः सुट्टीत काम करून पैसे जमवतोय. टू-स्ट्रोकचं वेड गेलंय म्हणता? छे! गेल्या रविवारी वाईला एक आरएक्स बघायला एकटाच गेला होता. दुपारी त्याचा फोन आला.

"मावशी, आरसी मूळ आहे आणि मालकाच्याच नावावर आहे. पण इंजिन गरम आहे. मी चहा प्यायला चाललोय."