अडीच महिन्यांचा बादशहा

'राजा बोले, दळ हाले' ही म्हण विद्यार्थिमित्रांच्या परिचयाची आहे. परंतु कधी कधी दळ बोलते आणि राजास हालावे लागते. दिल्लीचा बेदारबख्त हा अशा राजांपैकी एक होय.

इ. स. १७५४ मध्ये त्याचा पिता बादशहा अहमदशहा यास वजिराने पदच्युत करून आंधळे केले. बेदारबख्त तेव्हा अजाण बालक होता. पुढे शहाआलम बादशहा झाला व १७८४ पासून त्याचा कारभार महादजी शिंदे पाहू लागले. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत महादजींस माघार घ्यावी लागली आणि दिल्लीवरील मराठ्यांची पकड सैल झाली. ही संधी साधून सहारनपूरकडील रोहिला सरदार गुलाम कादर दिल्लीत शिरला. ३१ जुलै १७८८ रोजी त्याने शहाआलमास दूर सारून बेदारबख्तास तख्तावर बसविले.

तलवार हाती असता गुलाम कादर स्वतःच बादशहा का झाला नाही? कारण असे की, सनदांवरील शिक्का, नाण्यांवरील नाव व मशिदीतील खुतबा ही तिन्ही तैमूरच्या वंशाच्या नावेच चालत. त्या वंशाबाहेरील पुरुषाचा हुकूम लोक मानीत ना. म्हणून सत्ता रोहिल्याची आणि नाव राजपुत्राचे, असा हा व्यवहार ठरला.

नवा बादशहा तख्तावर बसलेला असतानाच रोहिले खजिन्यासाठी राजवाडा लुटीत होते. १० ऑगस्ट रोजी गुलाम कादराने शहाआलमाचे डोळे काढले. बेदारबख्तास यांपैकी काहीच थांबविता आले नाही. ऑक्टोबरात राणेखान प्रभृती सरदारांसह महादजींच्या फौजा दिल्लीत आल्या. गुलाम कादर पळाला. पुढे पकडला जाऊन १७८९ मध्ये त्यास देहदंड झाला. अंध शहाआलम पुन्हा बादशहा झाला आणि १७९० मध्ये बेदारबख्तास ठार करण्यात आले.

महादजींसही बादशहाच्या नावाची गरज होतीच, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र ज्याच्या नावे कारभार चालवावयाचा, त्याचे रक्षण त्यांनी केले. गुलाम कादराने त्या नावाचा केवळ लुटीसाठी उपयोग केला.

हा भाग वर्गात शिकविताना बेदारबख्तास दोष देण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबतो. नकार देण्याची मोकळीक त्यास कितीशी होती? आणि तरीही दुसऱ्याच्या कृत्याची किंमत त्याने प्राणांनी मोजली. त्याच्या नावाची नाणी आजही उपलब्ध आहेत. त्यांवर नाव त्याचे आहे. पण ती पाडण्याची सत्ता मात्र दुसऱ्याची होती.